करंजीची रशियन मावसबहीण

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



परदेशातील माझ्या वास्तव्याविषयी मी काही बोलावे, अशी कार्यवाहांची सूचना होती. विषय फार मोठा. म्हणून त्यातून मी एकच खाद्यपदार्थ उचलला आहे. आयुष्यभर कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या माणसाने स्वयंपाकघराविषयी व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. रशियात इवान क्रिलोव्ह (१७६९–१८४४) नावाचा थोर नीतिकथाकार होऊन गेला. जोडे शिवणाऱ्याने पक्वान्ने भाजण्याच्या उद्योगात पडू नये, असा इशारा त्याने एका कथेच्या आरंभी देऊन ठेवला आहे, आणि तेथील पक्वान्न म्हणजे नेमका आजचा आपला विषय! तो इशारा ध्यानात ठेवूनच बोलतो. ही कृती हाताने शिकली ती माझ्या पत्नीने. मी जवळ बसून वहीत टिपून घेतली, एवढाच माझा अधिकार.

पदार्थाचे नाव पिराश्की. रशियन लोक लिहिताना 'पिरोझ्की' असे लिहितात आणि बोलताना 'पिराश्की' म्हणतात. हे अनेकवचन झाले. एकच असेल तर तो 'पिराझोक'. परंतु आपल्याकडे जशी एकच करंजी कोणी करीत नाही, तसा एकच पिराझोकही कोणी करीत नाही, म्हणून एकवचन क्वचितच कानी पडते. मूळ शब्द 'पिरोग'. पिरोग म्हणजे सारण भरून भाजलेला मोठा पदार्थ, सबंध कुटुंबाने कापून वाटून खावयाचा. त्याचे लाडके, हातात मावणारे रूप म्हणजे पिराश्की. 'पिर' या रशियन शब्दाचा अर्थ मेजवानी, आणि त्यावरूनच पिरोग हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. पोलंडमध्ये 'पिएरोगी' नावाचा पदार्थ आहे. नावावरून तो हाच असावा असे वाटते, पण तो पाण्यात उकडतात आणि त्याच्या पारीत खमीर नसते. उकडीचा मोदक आणि करंजी यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोहोंत.

पिरोगाची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकातील 'दोमोस्त्रोय' हा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. घरात पाव भाजावयाच्या दिवशी त्याच पिठातून थोडे काढून घ्यावे आणि त्याचे सारण भरलेले पिरोग करावेत, असे त्यात घरधनिणीला सांगितले आहे. एरवी सामिष सारण. उपवासाच्या दिवशी वाटाणे, सलगम, अळंबी, कोबी, जे काही देवाने दिले असेल ते. म्हणजे हा पदार्थ जन्मला तोच काटकसरीतून. एकदा चूल पेटली आहे, पीठ फुगलेले आहे, मग त्याच कष्टात आणखी एक पदार्थ का होऊ नये, हा विचार कोणत्याही देशातील गृहिणीला पटण्यासारखा आहे.

ती चूलही पाहण्यासारखी. तिला 'पेच' म्हणतात. विटांची, खोलीचा मोठा भाग व्यापणारी, आणि वर माणसे निजतील एवढी ऐसपैस. आत लाकडे पूर्ण जाळून निखारे बाजूला सारावयाचे आणि मग तापलेल्या विटांच्या धगीवर भाजावयाचे. जाळ नाही, धूर नाही. सर्व बाजूंनी सारखी ऊब. आपल्या घरातील विजेची भट्टी भाजण्याआधी चांगली पंधरा-वीस मिनिटे रिकामी तापवावी लागते, त्याचे मर्म या पेचमध्ये आहे. झोपडीची शोभा तिच्या कोपऱ्यांत नसून तिच्यातल्या पिरोगांत आहे, अशा अर्थाची एक म्हणही तिकडे आहे. कोपरा म्हणजे देवाच्या तसबिरीची जागा हे लक्षात घेतले, तर म्हणीतला धीटपणा कळतो.

आपल्यातील शाकाहारी मंडळींनी संकोच करण्याचे कारण नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात वर्षाकाठी दोनशेच्या आसपास दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवशी मांस, दूध, लोणी, अंडी सर्व वर्ज्य. त्यामुळे पाणी आणि तेल घालून केलेली पारी व भाजीचे सारण हा पिराश्कीचा पर्यायी प्रकार नव्हे, तर तिच्या दोन मूळ रूपांपैकी एक आहे. सूर्यफुलाच्या तेलाला तिकडे आजही 'उपवासाचे तेल' असेच म्हणतात. बटाटा मात्र या घरात उशिरा आलेली सून. सरकारने १८४० च्या सुमारास बटाट्याची लागवड सक्तीची केली, तेव्हा शेतकऱ्यांनी दंगे केले होते. कोबी त्याच्या कितीतरी आधीपासून घरची.

उपवासाचा विषय निघाला म्हणून एका प्रवाशाची आठवण करून देतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा विकावयास घेऊन आपल्या चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. आपल्याकडे घोड्यांना हरभरे चारतात, खिचडी शिजवतात, अशा बारीकसारीक नोंदी त्याने केल्या आहेत. पण त्याच्या लिखाणातील सर्वांत हृद्य भाग वेगळाच आहे. वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके नेली होती. त्यामुळे ईस्टरचा सण कधी, उपवास कधी, हे त्याला समजेना, आणि या गोष्टीचा तो पुन्हा पुन्हा खेद करतो. घोड्याची किंमत, मसाल्यांचे भाव हे सारे लिहिणारा हा रोखठोक व्यापारी सण चुकला म्हणून व्याकुळ होतो. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे मुंबईच्या दिनदर्शिकेत पाहून आपल्या गावाची वेळ मनातल्या मनात जुळवणाऱ्या आपल्यासारख्यांना ती व्याकुळता निराळी समजावून सांगावयास नको.

पिराश्की हा मुळात प्रवासाचा, शिदोरीचा पदार्थ. सांडत नाही, ताटवाटी लागत नाही, थंड झाली तरी चव जात नाही. रशियाच्या लांबलांब रेल्वेप्रवासात फलाटावर टोपल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या कापडात गुंडाळलेल्या गरम पिराश्की हे एके काळी नित्याचे दृश्य होते. सोव्हिएत काळात शहरांच्या रस्त्यांवर तळलेल्या पिराश्की थोड्याशा कोपेकांना हातगाडीवर मिळत. आमच्या पिढीच्या लहानपणी रशियात छापलेली लोककथांची मराठी पुस्तके अगदी स्वस्तात घरोघरी आली होती. त्या लोककथांपैकी माशा आणि अस्वल यांची गोष्ट आठवत असेल. जंगलात चुकलेली माशा अस्वलाच्या घरी अडकते. आजीआजोबांना पिराश्की पोचव म्हणून त्याच्या पाठीवर टोपली देते आणि स्वतःच त्या टोपलीत लपून बसते. अस्वल वाटेत बसून एखादी खावी म्हणते, की आतून ती दटावते. अस्वलाला वाटते, ती घरातूनच आपल्याला पाहते आहे! अशा रीतीने हरवलेली मुलगी पिराश्कींच्या टोपलीतून स्वतःच्या घरी परतते.

आता कृतीकडे वळतो. २००४ ते २००७ या काळात माझी नेमणूक मॉस्कोत होती. आमच्या मजल्यावर एक निवृत्त गणितशिक्षिका एकट्या राहत. आमची मुले त्यांना 'बाबुश्का', म्हणजे आजी, म्हणत. त्यांचा मुलगा जर्मनीत स्थायिक झालेला होता. दर शनिवारी त्या आमच्या सौभाग्यवतींना हाताशी घेऊन पिराश्की करीत. भाषेची अडचण होती, पण पिठात हात घातल्यावर भाषा फारशी लागत नाही. त्यांचे माप म्हणजे काचेचा पैलूदार पेला. काठोकाठ भरला की अडीचशे मिलिलीटर. मी शेजारी वजनकाटा ठेवून त्या पेल्याचे ग्रॅम केले, ते असे.

मैदा ५०० ग्रॅम, दूध २५० मिलिलीटर, सुके यीस्ट ७ ग्रॅम (बेकरीवाल्याकडून ताजे मिळाले तर २० ग्रॅम), साखर दोन मोठे चमचे, मीठ एक लहान चमचा, अंडे एक, आणि मोहनासाठी लोणी ६० ग्रॅम. अंडे नको असेल तर तेवढेच, म्हणजे चाळीस-पन्नास मिलिलीटर, दूध अधिक घ्यावे. उपवासाच्या पद्धतीने करावयाचे तर दुधाऐवजी पाणी, लोण्याऐवजी तेल. यात वीसएक पिराश्की होतात.

दूध विरजण लावताना असते तेवढे कोमट करावे. गरम दुधात यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाही. दुधात यीस्ट, चमचाभर साखर आणि एकतृतीयांश मैदा कालवून झाकून ठेवावे. या पातळ कालवणाला 'ओपारा' म्हणतात. अर्ध्या तासात ते फसफसून वर येते आणि मध्यभागी किंचित खचू लागते. खचू लागले की ते तयार झाले. मग उरलेली साखर, मीठ, फेटलेले अंडे व मैदा घालून मळावे. लोणी सर्वांत शेवटी. आपण करंजीला मोहन आधी चोळतो, कारण आपल्याला खुसखुशीतपणा हवा असतो. येथे पारी मऊ आणि लवचीक हवी. आधी लोणी चोळले तर ती लवचिकता येत नाही. दहा मिनिटे चांगले तिंबावे. गोळा हाताला जरासा चिकटतो. पोळीच्या कणकेचा सराव असलेल्या हाताला येथे आणखी मैदा भुरभुरण्याचा अनावर मोह होतो. तो आवरावा आणि बोटांना तेल लावावे. घट्ट पिठाची पिराश्की दुसऱ्या दिवशी दगड होते.

गोळा झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावा, हलक्या मुठीने दाबून त्यातील हवा काढावी आणि पुन्हा फुगू द्यावा. किती वेळ, हे घड्याळ सांगू शकत नाही. मॉस्कोच्या हिवाळ्यात त्या बाई भांडे दिवाणखान्यातील गरम नळ्यांजवळ ठेवीत, तेव्हा तासभर लागे. आपल्याकडे मे महिन्यात पाऊण तासही पुरतो, आणि उत्तरेच्या जानेवारीत दोन तासही कमी पडतात. बोटाने हलके दाबून पाहावे. खळगा लगेच भरून आला तर अजून अवकाश आहे. हळूहळू, थोडासाच भरला तर झाले. मुळीच भरला नाही आणि आंबट वास आला तर वेळ निघून गेली.

सारणाविषयी एक नियम सर्वांत महत्त्वाचा: ते पूर्ण गार आणि कोरडे हवे. ओल्या सारणाने तळ कच्चा राहतो, गरम सारणाने सांधा उकलतो. कोबीचे सारण असे: किलोभर कोबी अगदी बारीक चिरून लोण्यावर मंद आचेवर झाकून शिजवावा, मग झाकण काढून पाणी आटवावे. त्यात तीन उकडलेली अंडी चिरून (अंडी न खाणाऱ्यांनी ती वगळावी), मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर आणि भरपूर शेपू. होय, आपला शेपूच. ज्या भाजीचे नाव काढताच मराठी घरातील निम्मी मुले ताटावरून उठतात, ती रशियात सुपापासून बटाट्यापर्यंत सर्वत्र कोथिंबिरीसारखी वापरतात. आमच्या घरात शेपूची प्रतिष्ठा मॉस्कोहून परतल्यावर वाढली. बटाट्याच्या सारणात उकडलेला बटाटा आणि लोण्यावर तांबूस परतलेला पुष्कळ कांदा, बस्स. कांद्याची पात आणि उकडलेले अंडे हे वसंत ऋतूचे सारण. सामिष सारणात मांस आधी शिजवून, बारीक करून, कांद्यावर परतून घेतात. गोड प्रकारांत सफरचंद, चेरीचा मुरंबा, आणि खसखस. भिजवून वाटलेली खसखस साखरेबरोबर आटवून भरलेली पिराश्की खाल्ली, की माझे आजचे शीर्षक अतिशयोक्तीचे नाही हे आपल्याला पटेल.

लिंबाएवढे, पंचेचाळीस ग्रॅमचे उंडे करून दहा मिनिटे विसावू द्यावेत. हाताने थापून, कडा पातळ व मध्य जाड राखून, मोठा चमचाभर सारण ठेवावे आणि कडा चिमटीने मिटवाव्यात. येथपर्यंत आपल्या भगिनींना कोणी शिकवावयास नको. पुढचे मात्र उलटे आहे. करंजीची मुरड ही तिची शोभा, ती आपण मिरवतो. पिराश्कीचा सांधा खाली घालून लपवतात आणि वर गुळगुळीत पाठ ठेवतात. सांधा मध्यभागी मुद्दाम उघडा ठेवला तर त्याच पदार्थाला 'रास्तेगाय' म्हणतात, म्हणजे बटणे सोडलेला! त्या फटीतून आत गरम रस्सा ओतावयाचा असतो. अनेक सारणे एकाच दिवशी करावयाची असतील तर प्रत्येकीचा आकार निराळा ठेवावा, म्हणजे फोडून पाहावे लागत नाही.

पत्र्यावर मांडलेल्या पिराश्की आणखी पंधरा-वीस मिनिटे फुगू द्याव्यात, वरून अंड्याचा बलक किंवा दूध लावावे, आणि १९० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजाव्यात. बाहेर काढताच लोण्याचा हात फिरवून जाड पंचाखाली झाकाव्यात. वरचे कवच त्याने मऊ पडते. भट्टी नसेल तर तळाव्यात. तळण्याचा प्रकारही तितकाच अस्सल आहे. मात्र साखर निम्मी घ्यावी, नाहीतर आत शिजण्यापूर्वी बाहेर करपतात, आणि तेलात सोडताना सांध्याची बाजू खाली असावी.

बटाट्याचे सारण पाहून आमच्या सौभाग्यवतींना अर्थातच हिरव्या मिरचीची आठवण झाली. त्यांनी मिरची हातात घेताच बाईंनी भांड्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "आधी चाळीस वेळा माझ्यासारखी करा. मग तुमच्यासारखी." त्या वेळी आम्हाला हे थोडे कडक वाटले. परंतु पुरणपोळीत पनीर भरणारे शेजारी आपणही पाहिले आहेत, आणि 'तुमचीच रेसिपी' म्हणून ती पुढे केली जाते तेव्हा आपल्या मनाला काय वाटते, तेही आपल्याला ठाऊक आहे.

पदार्थाने देशांतर केले की तो बदलतो, हे खरेच. इराणात 'पिराश्की' याच नावाने गोड मलई भरलेला पदार्थ मिळतो. जपानी लोक तळलेल्या 'पिरोशिकी'त पारदर्शक शेवया भरतात. टोकियोतील नाकामुराया या उपाहारगृहाने १९२७ साली आपले रासबिहारी बोस यांनी शिकविलेली भारतीय करी आणि रशियन बोर्श्च सूप एकाच वेळी विकावयास आरंभ केला; दोन दूरच्या देशांचे पदार्थ एका तिसऱ्याच देशात एकाच यादीवर आले. या बदलांना माझा विरोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या करता करता, हाताशी जे मिळेल त्यातून झालेला बदल वेगळा, आणि पहिल्याच दिवशी घाईने टाकलेला गरम मसाला वेगळा. मी तरी बाईंच्या बाजूचा आहे. चाळीस ही संख्या गणितशिक्षिकेची आहे. आपण दहापर्यंत सवलत घ्यावी.

२०१५ साली त्या बाई गेल्या. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाचे जर्मनीहून पत्र आले. आईने स्वतः एकही कृती कधी कागदावर उतरविली नव्हती. शेजारचे भारतीय गृहस्थ ग्रॅम मोजून वहीत लिहितात, हे मात्र ती दूरध्वनीवर हसून सांगत असे. ती वही अजून असेल का, असे त्याने विचारले होते. वही होती. मी त्या पानांचे इंग्रजी भाषांतर करून पाठविले, आणि ओपारा कधी खचू लागतो याविषयीची टीप सौभाग्यवतींनी त्यात घातली. त्याच्या मुलीने केलेल्या पहिल्या पिराश्कींचे छायाचित्र आले, त्यात सांधे सारे वरच्या बाजूला होते. आम्ही उलट टपाली कळविले, सांधा खाली.

उरलेल्या पिराश्की गार झाल्यावर घट्ट डब्यात ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटे गरम केल्या की पुरे. कोबीच्या व बटाट्याच्या बिनअंड्याच्या पिराश्की एका दिवसाच्या रेल्वेप्रवासात थंडीच्या दिवसांत उत्तम टिकतात. उन्हाळ्यात मात्र अंड्याच्या वा मांसाच्या बरोबर नेऊ नयेत.

आज मंडळाच्या महिला विभागाने बाहेरच्या टेबलावर तीन प्रकार मांडले आहेत. लांबट आहेत त्या कोबीच्या, त्रिकोणी बटाट्याच्या, गोल खसखशीच्या. अंडे घातलेल्या पिराश्की डाव्या हाताच्या ताटात निराळ्या ठेवल्या आहेत. चहा त्यांच्या पद्धतीने कोरा आणि लिंबाची चकती घातलेला आहे. दुधाचा हवा असणाऱ्यांसाठी दुसरी किटली मागे आहे.